आफ्रिकेतील बहुरूपी फुलपाखरू

केवळ रूप पाहून जात ठरवू नये, हा धडा निसर्गाने एका फुलपाखराच्या पंखांवर लिहून ठेवला आहे. त्याचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ डार्डेनस. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील जंगलांत ते आढळते.

याचा नर सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो: फिकट पिवळे पंख, त्यांवर काळी नक्षी आणि मागील पंखांना शेपट्या. मादागास्कर बेटावर मादीही तशीच दिसते. परंतु आफ्रिका खंडाच्या बहुतेक भागांत मादीला शेपट्या नसतात, आणि एकाच अरण्यात तिची अनेक रूपे दिसतात. कोणी काळीपांढरी, कोणी नारिंगी, तर कोणी काळ्यावर फिकट ठिपक्यांची. जुन्या संग्राहकांनी त्यांना निरनिराळ्या जाती समजून निरनिराळी नावे दिली.

१८६९ साली केप वसाहतीतील रोलंड ट्रायमेन यांनी या साऱ्या एकाच जातीच्या माद्या होत, असे प्रतिपादन केले. कित्येकांस ते पटले नाही. शेवटी निकाल लागला तो वादाने नव्हे, तर पालनाने. अंडी व सुरवंट जपून वाढविले, तेव्हा एकाच मातेच्या पोटी वेगवेगळ्या वेषांच्या बहिणी निघाल्या!

हे वेष उसने असतात. पक्ष्यांना न रुचणाऱ्या इतर फुलपाखरांचे रंग या माद्यांच्या अंगी असतात. नारिंगी मादी ज्याच्यासारखी दिसते, ते फुलपाखरू आपल्याकडेही रुईच्या झाडांभोवती हिंडताना दिसते. एकदा त्याची कडू चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. मात्र नकला फार वाढल्या, तर पक्ष्यांना रुचकर घास वारंवार मिळून रंगाचा धाक नाहीसा होईल. म्हणूनच एकाऐवजी अनेक वेष लाभदायक ठरतात.

मादी हे जाणूनबुजून करीत नाही. वेष जन्मतःच ठरतो. सिरिल क्लार्क व फिलिप शेपर्ड यांनी १९५० नंतर लिव्हरपूल येथे संकर करून दाखविले की, ही प्रमुख रूपे एकाच आनुवंशिक स्थानावर अवलंबून असतात. नरही तो वारसा वाहतो, पण त्याच्या पंखांवर तो उमटत नाही.

आपल्या कढीलिंबावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या मादीचीही अशीच अनेक रूपे आहेत. विद्यार्थ्यांनी त्याचे सुरवंट ताजी पाने घालून वाढवावेत, कोशातून काय बाहेर येते ते पाहावे, आणि मगच नाव द्यावे.