योगाभ्यास आणि साधे जीवन



योग म्हटला की दृष्टीसमोर प्रथम आसने येतात. परंतु पतंजलींनी सांगितलेल्या ८ अंगांत आसनाचा क्रम तिसरा आहे. त्याच्या आधी यम व नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे ५ यम होत. अपरिग्रह म्हणजे गरजेहून अधिक संचय न करणे. तेव्हा साधे जीवन हे योगाचे केवळ फळ नसून त्याचा आरंभही आहे.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास आले. पुढे १९४० मध्ये त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. त्यांच्या आश्रमाच्या ११ व्रतांत या पाचही यमांना स्थान आहे. माती, बांबू व कौले यांची तेथील बापूकुटी आजही पाहावयास मिळते. बैठक जमिनीवर, वस्तू मोजक्या. कामे मात्र देशभरची. तरीही प्रार्थना व सूतकताई यांना दिनक्रमात ठरलेली वेळ असे. साधेपणा म्हणजे आळस नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

हिंगणघाट हे कापसाचे गाव. टकळीवर सूत कातताना घाई केली की धागा तुटतो, हे येथे निराळे सांगावयास नको. श्वासाचेही तसेच आहे. मन घाईत असले की तो उथळ व जलद होतो, आणि श्वास संथ केला की मनही निवळू लागते.

आंतरराष्ट्रीय योगदिन २०१५ पासून २१ जूनला साजरा होतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे बहुधा त्यानंतर उघडतात. म्हणून योगास रोजच्या वेळापत्रकातच जागा द्यावी. पहिल्या तासापूर्वी ५ मिनिटे मुलांना सुखासनात ताठ बसवावे व सहज चालणाऱ्या श्वासाकडे लक्ष देण्यास सांगावे. लहान मुलांकडून श्वास रोखून धरण्याचा अभ्यास करवू नये. नंतर प्रत्येकाने दप्तरातील नको असलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात.

मात्र शिक्षक स्वतः घाईत असेल, तर हा पाठ व्यर्थ होय. प्रश्न विचारताच जो हात प्रथम वर होतो त्याच्याकडेच आपण वळतो, आणि सावकाश विचार करणारे मूल हळूहळू बोलेनासे होते. प्रश्नानंतर दोन श्वास थांबावे. त्या मुलाचा हात वर आला, तर योगाभ्यास वर्गात रुजला असे समजावे.

स्वाध्याय
१. यम आसनाच्या आधी का सांगितले असावेत?
२. आपल्या वर्गातील कोणती घाई टाळता येईल? आठवडाभर निरीक्षण करून टिपण लिहा.