जिवाची ओळख

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 12:10, निर्गम 23:9-12



नीतिमान मनुष्य आपल्या पशूशी कसा वागतो हे सांगताना नीतिसूत्रकाराने एक साधे क्रियापद योजिले आहे : 'यादा', म्हणजे जाणणे. भाषांतरात आपण तेथे सहसा काळजी घेण्याच्या अर्थाचे शब्द घालतो, व ते चूक नाही. परंतु मूळ इब्रीत नीतिमान मनुष्य पशूचा 'नेफेश', म्हणजे जीव, जाणतो. हीच दोन पदे निर्गम 23:9 मध्ये एकत्र आली आहेत. इस्राएल मिसरात उपरा होता, त्याला उपऱ्याचा जीव ठाऊक आहे. म्हणून त्याने उपऱ्यावर जुलूम करू नये. दयेचे मूळ अशा ओळखीत आहे.

ही ओळख कृतीत कशी उतरते? अमेरिकेत 2008 साली 'पायलट्स एन पॉज' ही संस्था स्थापन झाली. आश्रयगृहांत जागा नसल्यामुळे ज्या मुक्या प्राण्यांना ठार मारले जाण्याची वेळ येते, त्यांना तिचे स्वयंसेवक वैमानिक आपल्या लहान विमानांतून, इंधनाचा खर्च स्वतः सोसून, सुरक्षित घर मिळेल अशा दूरच्या गावी नेतात.

पण कुत्रा माणसाला लळा लावतो. जो प्राणी कधीच लळा लावणार नाही, त्याचे काय? याचे उत्तर आपल्याच देशात, लखनौ येथे सापडते. 1970 च्या दशकात भारतातील नद्यांतून सुसर, जिला हिंदीत घडियाल म्हणतात, जवळजवळ नाहीशी होत आली होती. त्याच दशकात लखनौच्या कुकरैल वनात तिच्यासाठी केंद्र उभारण्यात आले. चंबळेच्या वाळूतील अंडी तेथे आणून उबवावयाची, पिल्ले वाढवावयाची आणि ती पुन्हा नद्यांत सोडावयाची, असे हे कार्य आहे. अंडे हलवताना ते उलटे होऊ द्यावयाचे नाही. कारण आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटलेला असतो व अंडे फिरले तर तो मरतो. नुसत्या कळवळ्याने उचललेले अंडे वाचवणाऱ्याच्याच हातून नष्ट होईल. 'जाणणे' या शब्दाचे वजन येथे कळते.

माणसे उपाशी असता जनावरांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न मंडळीत विचारला जातो, आणि तो हलका नाही. यासाठी निर्गम 23:12 पाहा. शब्बाथाच्या एकाच आज्ञेत बैल व गाढव, दासीचा मुलगा व उपरा यांना विसावा दिला आहे. शेवटल्या दोघांच्या विसाव्यासाठी जे क्रियापद आले आहे ते 'नेफेश' याच धातूचे आहे : जिवाला दम घेऊ देणे. देव पशू आणि मजूर यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी करीत नाही. धन्याच्या हव्यासातून दोघांनाही एकाच दिवशी सोडवितो.

म्हणून हे वचन दुधारी आहे. आपल्या कुत्र्याला काय मानवते हे ज्याला पक्के ठाऊक आहे, पण घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलांची नावे ठाऊक नाहीत, त्याची दया अजून अर्धीच आहे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना ओळखतो (योहान 10:14). त्याच्या मागे चालणाऱ्यांनीही ओळखावयास शिकावे.

मननासाठी :
1. माझ्या आधाराने जगणाऱ्या कोणत्या जिवाची गरज मी अजून जाणून घेतलेली नाही?
2. या आठवड्यात मी कोणाला दम घेऊ देईन?