'यू'पुढे 'आर' का?

'टू बी' हे क्रियापद शिकविताना पाचवीच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी येतो. माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. 'ही' एकटा म्हणून 'इज'. मग समोर एकच मुलगा असताना 'यू'पुढे 'आर' का? "पाठ करा" हे त्याचे उत्तर नव्हे, असे आमचे मत आहे.

उत्तर इतिहासात आहे. पूर्वीच्या इंग्रजीत एकट्यासाठी 'दाऊ' हे सर्वनाम होते, त्यापुढे 'आर्ट' येई, 'यू' अनेकांसाठी. पुढे थोरामोठ्यांना, ते एकटे असले तरी, 'यू' म्हणण्याची रीत पडली आणि 'दाऊ' जवळच्यांसाठी व कमी लेखलेल्यांसाठी उरले. सतराव्या शतकातील क्वेकर पंथीयांनी लहानथोर हा भेद नाकारून सर्वांनाच 'दाऊ' म्हणण्याचा आग्रह धरला. भाषा मात्र उलट वाटेने गेली. 'दाऊ' प्रमाणभाषेतून मावळले, 'यू' सर्वांचे झाले. 'आर' त्याच्यासोबत राहिले.

आपल्या मुलांना हे परके नाही. "बाबासाहेब आले" या वाक्यात व्यक्ती एक, क्रियापद अनेकवचनी. हे आदरार्थी बहुवचन. हे वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली 'यू आर' लिहिले की नियम उमगतो. ज्यांच्या आजोबांना गावातील पोरेसोरेही 'अरे-तुरे' करीत, त्या मुलांना तर तो फार लवकर उमगतो.

मग आम्ही वाक्ये करून घेतो : 'यू आर अ स्टुडंट', 'यू आर अ कलेक्टर', 'यू आर अ स्वीपर'. काय बदलले, काय बदलले नाही, ते मुलेच सांगतात.