होदिए ते ओज्जी : लोकमुखातून घडलेले कालवाचक शब्द

दिवस, आज, उद्या या शब्दांवाचून कोणाचाही व्यवहार चालत नाही. म्हणूनच भाषा कशी बदलते, हे पाहण्यासाठी आपण रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतील असे काही शब्द तपासू. इ. स. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले. परंतु सैनिक, शेतकरी व गुलाम यांच्या तोंडची लॅटिन नष्ट झाली नाही. तिच्यातूनच इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज व रुमानियन या भाषा घडल्या.

दिवसाला लॅटिनमध्ये ‘दिएस’ म्हणत. स्पॅनिशमध्ये त्याचा ‘दिआ’ झाला. फ्रेंच व इटालियन लोकांनी मात्र ‘दिवसाचा’ या अर्थाचा ‘दिउर्नुम’ हा शब्द पत्करला. त्यातून अनुक्रमे ‘झूर’ व ‘जोर्नो’ आले. उद्या या अर्थाचा ‘क्रास’ बहुतेक ठिकाणी लोपला. सार्दिनिया बेटावर मात्र तो टिकला. इतरत्र सकाळवाचक ‘माने’पासून इटालियन ‘दोमानी’, फ्रेंच ‘दमँ’ व स्पॅनिश ‘मान्याना’ हे शब्द झाले. ‘मान्याना’चे सकाळ आणि उद्या असे दोन्ही अर्थ आजही आहेत.

‘होदिए’ म्हणजे ‘या दिवशी’, अर्थात आज. त्याचे इटालियनमध्ये ‘ओज्जी’ व स्पॅनिशमध्ये ‘ओय’ झाले. फ्रेंचमध्ये तो झिजून ‘वी’ एवढाच उरला, तेव्हा लोकांनी त्याला दिवसवाचक शब्दाची जोड देऊन ‘ओझुर्द्वी’, म्हणजे ‘आजच्या दिवशी’, असा नवा शब्द घडवला.

आता आपल्याकडे पाहू. संस्कृत ‘अद्य’, पाली ‘अज्ज’, मराठी ‘आज’. तिकडे ‘दिए’चा ‘ज्जी’ झाला, इकडे ‘द्य’चा ‘ज्ज’. उच्चार सुलभ करण्याची ही एकच प्रक्रिया होय. ‘ओज्जी’ला आज कोणी बिघडलेली लॅटिन म्हणत नाही, मग ‘अज्ज’ला तरी संस्कृतचा अपभ्रंश म्हणून हीन का लेखावे?

इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मसभेने प्रवचने लोकांना कळतील अशा ग्रामीण रोमन किंवा जर्मन बोलीत सांगावीत, असा ठराव केला. भगवान बुद्धांनी तर त्याच्या कितीतरी शतके आधी लोकभाषेतूनच धम्म सांगितला होता.

वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या बोलीला अशुद्ध म्हणून हिणवले जाते, तेव्हा आम्हां शिक्षकांना हा इतिहास आठवला पाहिजे. प्रमाणभाषा अवश्य शिकावी; ती ज्ञानाचे साधन आहे. परंतु आपल्या आईच्या बोलीची लाज बाळगू नये. आजच्या प्रतिष्ठित भाषाही काल कोणाच्या तरी घरच्या बोलीच होत्या.