तीन तासांतले बारा सेकंद

प्रश्न : आमचा नातू आणि त्याचे मित्र गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांचे व्हिडिओ पाहतात. दोन-दोन, तीन-तीन तास नुसती बडबड. मग त्यातलं एखादंच वाक्य महिनाभर घरात, गल्लीत, व्हॉट्सॲपवर घुमत राहतं. परवा कॅरममध्ये मी राणी घेतली तर पठ्ठ्या ओरडला, ‘पट से हेडशॉट!’ एवढ्या बोलण्यातून नेमकं हेच वाक्य निवडतं कोण? आणि ज्यांनी तो गेम कधी उघडलाही नाही, त्यांच्या तोंडी ते कसं बसतं?
— पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, कॅम्प-1, भिलाई

उत्तर : आजोबा, नातवाच्या तोंडचं ते हिंदी वाक्य लोकप्रिय केलं एका मुंबईकर सावंताने. आदित्य सावंत ‘डायनॅमो गेमिंग’ या नावाने यूट्यूबवर पबजी मोबाइल थेट खेळून दाखवायचा आणि खेळता खेळता अखंड बोलायचा. समोरच्याच्या डोक्यात गोळी बसली की हे त्याचं ठरलेलं वाक्य. पबजी मोबाइल 2018 मध्ये आला. त्याआधी दीड वर्ष जिओने डेटा स्वस्त केला होता, म्हणून तासन्‌तास चालणारं थेट प्रक्षेपण फोनवर बघणं कॉलेजच्या पोरांनाही परवडू लागलं.

निवड कोण करतं, याचं उत्तर म्हणजे बघणारे. थेट प्रक्षेपणाच्या बाजूला प्रेक्षकांच्या संदेशांची रांग सरकत असते. काही मजेशीर घडलं की ती एकदम धावू लागते, आणि कोणीतरी लिहितं, ‘क्लिप करो.’ बोलणाऱ्याला आपण काय बोलून गेलो याचा पत्ताही नसतो. कुठला तरी चाहता तेवढा तुकडा कापून आपल्या चॅनलवर टाकतो. यूट्यूबने 2022 पासून व्हिडिओच्या पट्टीवर एक आलेखही दाखवायला सुरुवात केली. लोकांनी जो भाग मागे जाऊन पुन्हापुन्हा पाहिला, तिथे तो उंच होतो. कात्री कुठे चालवायची हे शोधायला आता तीन तास बसावंही लागत नाही.

खरी गंमत कापल्यानंतर होते. मूळ व्हिडिओ आडवा, फोन उभा. म्हणून कापणारा बोलणाऱ्याचा कोपऱ्यातला छोटा चेहरा मोठा करून वर बसवतो, खाली गेमची जेमतेम एक पट्टी ठेवतो आणि मधे ठळक अक्षरांत शब्द उमटवतो. यात गेम जवळजवळ नाहीसाच होतो. कोण कुणाला मारत होतं, डाव कितवा होता, सगळं गळून जातं. उरतो एक आश्चर्यचकित किंवा चिडलेला चेहरा आणि एक वाक्य. दुसरा माणूस तेच वाक्य क्रिकेटच्या यॉर्करवर लावतो, तिसरा गणिताच्या पेपरवर. इथे क्लिपचं मीम झालं. एखादं वाक्य आपल्या गेमपासून असं सुटं होऊ शकतं का, यावरच बहुतेक सगळं ठरतं. ते किती विनोदी आहे याला मी दुय्यम मानतो. अस्सल विनोदी किस्से क्लिपमध्ये अनेकदा मरतात, कारण त्यांना आधीची दहा मिनिटं लागतात.

याचा पुरावा पबजीनेच दिला. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने त्यावर बंदी घातली. पुढच्या जुलैत तो दुसऱ्या नावाने परत आला, मधले महिने गेम नव्हता, पण वाक्य होतं. उलटं उदाहरणही घ्या. 29 जानेवारी 2019 रोजी दिल्लीत ‘परीक्षा पे चर्चा’मध्ये एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली आणि पंतप्रधानांनी विचारलं, ‘ये पबजी वाला है क्या?’ ना स्ट्रीमर, ना गेम, ना हेडफोन. तरीही गेमच्या जगातलं हे गाजलेलं मीम ठरलं, कारण कोणत्याही झोपाळू, उशिरा येणाऱ्या, हरवलेल्या माणसाकडे बोट दाखवून हा प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’तल्या धनंजय मानेंची ‘इथेच राहतात का?’ ही चौकशी अजून चालूच आहे ना? चित्रपट 1988 चा, चौकशी करणाऱ्या कित्येकांचा जन्म त्यानंतरचा.

आता सावंत हिंदीत का बोलतो? मिथिलेश पाटणकर, म्हणजे पोरांचा गेमर ‘मिथपॅट’, तोही हिंदीतच बोलतो. यावर मराठीच्या नावाने गळा काढण्याआधी तुमच्याच गल्लीकडे पाहा. कारखाना उभा राहताना मजुरांसाठी वसलेल्या कॅम्प भागात तेलुगू, बंगाली, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी आणि मराठी घरं शेजारी-शेजारी आली. नातवाच्या टोळीत सगळ्यांना एकाच क्षणी हसू येईल असं वाक्य हिंदीतच असणार, आणि तेही दोन-चार शब्दांचं.

तुम्ही ‘बडबड’ म्हणता, पण तीच कच्चा माल आहे. खेळणाऱ्याचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, त्यामुळे जीभ मोकळी सुटते. 2005 चं ‘लीरॉय जेन्किन्स’ हे या प्रकाराचं आद्य उदाहरण. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणारे दोस्त हेडफोनवर गंभीरपणे व्यूहरचना करत बसलेत, यशाची टक्केवारी काढतायत, आणि जेवायला उठलेला एक गडी परत येऊन स्वतःच्या नावाची आरोळी ठोकत एकटाच आत घुसतो. सगळे मरतात. जगभर लोक हसले. पुढे बनवणाऱ्यांनीच सांगितलं की तो प्रसंग ठरवून रचला होता! तेव्हा सावध राहा. समोर दोन माइक आहेत म्हणजे पॉडकास्ट आहे असं नाही. हल्ली अनेक ‘पॉडकास्ट क्लिप’च्या मागे पॉडकास्टच नसतो, माइक मांडून फक्त तेवढी चाळीस सेकंदं चित्रित केलेली असतात. आणि वर एखाद्याचं गंभीर प्रवचन, खाली रुळांवरून धावणारा ‘सबवे सर्फर्स’चा पोरगा, असंही दिसेल. त्या गेमचा प्रवचनाशी काडीचा संबंध नसतो, तो फक्त बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकू नये म्हणून.

मीम कधी गाजेल, या वेळेचं गणित मात्र कुणालाच जमलेलं नाही. तुमच्याच राज्यात सुकमा जिल्ह्यातल्या शाळकरी सहदेवचं ‘बचपन का प्यार’ हे गाणं 2019 मध्ये शाळेत चित्रित झालं आणि देशभर गाजलं ते 2021 मध्ये. मीमचं मरण मात्र ओळखता येतं. ‘स्ले पॉइंट’ चॅनलच्या गौतमी कवळे आणि अभ्युदय मोहन यांनी 2020 मध्ये यूट्यूबवरच्या प्रतिक्रियांची थट्टा करताना ‘बिनोद’ हे नाव उचललं. महिन्याभरात पेटीएमने ट्विटरवर आपलं नावच बिनोद केलं, मुंबई पोलिसांनीही त्यावर विनोद केला. कंपन्या आणि सरकारी खाती हसू लागली की पोरं पुढच्या वाक्याकडे निघालेली असतात.

मूळ बोलणाऱ्याला पैसे मिळतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण निवृत्त माणसाला हिशेबात रस असतो म्हणून सांगतो. दुसऱ्यांनी कापलेल्या तुकड्यांतून त्याला थेट काही मिळेलच असं नाही. यूट्यूबची यंत्रणा नक्कल ओळखू शकते, ती काढायला लावता येते. पण पुष्कळ गेमर तिकडे काणाडोळा करतात, कारण बारा सेकंद पाहून आलेला एखादा जण तीन तासांच्या प्रक्षेपणाला चिकटतो, आणि गेमरची कमाई त्या तीन तासांवर असते. तुमचा नातू त्यातलाच एक दिसतोय.