दुकानाचा कॉम्प्युटर चालू होत नाही? 'फॉरमॅट करा' म्हणण्याआधी हे चार टप्पे तपासा



सकाळी शटर वर केलं, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर चालूच होत नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं, त्यात महिन्याची १९ तारीख. आपण टेक्निशियनला फोन करून सांगतो, "कॉम्प्युटर बंद पडलाय." तो म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आपण "बरं" म्हणतो. इथेच नुकसान होतं.

कारण 'चालू होत नाही' ही एक तक्रार नाही, त्यात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यातल्या पहिल्या तीन प्रकारांत फॉरमॅटचा काही संबंधच नसतो. मशीन दुसरं आणता येतं, पण तीन वर्षांची बिलं, उधारीची खाती आणि स्टॉक दुकानात विकत मिळत नाही. म्हणून गाडी नेमकी कुठे अडली आहे, ते आधी ओळखायचं.

आधी गिऱ्हाईक सांभाळा

कॉम्प्युटर बंद आहे म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नका. एक छापील बिलबुक कायम ड्रॉवरमध्ये ठेवा. जीएसटीच्या नियमात बिलांची एकापेक्षा जास्त सिरीज चालते; फक्त प्रत्येक सिरीजचे नंबर ओळीने हवेत आणि त्या आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा येता कामा नये. हाताने बिलं फाडा, संध्याकाळी एंट्री करा. आता शांतपणे मशीनकडे बघा.

टप्पा १ : काहीच होत नाही. लाईट नाही, फॅन नाही

हा विजेचा प्रश्न आहे. या क्रमाने बघा:

१. ज्या सॉकेटला कॉम्प्युटर आहे, तिथे मोबाईलचा चार्जर लावा. चार्ज होतोय का?
२. सॉकेट ठीक असेल तर यूपीएस बाजूला ठेवा आणि सीपीयूची (म्हणजे आपल्या कॅबिनेटची) वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. चालू झाला तर दोष यूपीएसचा. बरेचदा फक्त त्याची बॅटरी बदलून भागतं.
३. कॅबिनेटच्या मागे, वायर लागते तिथेच एक छोटा स्विच असतो. झाडलोट करताना तो चुकून बंद होतो.
४. मॉनिटरची पॉवर वायर बऱ्याचदा सीपीयूसारखीच असते. ती सीपीयूला लावून बघा. वायरच खराब असेल तर लगेच कळेल.
५. वायर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग पुन्हा वायर लावून चालू करा. आत साठलेला करंट निघून गेल्यावर काही मशीन सुरू होतात.

एवढं करूनही काही नाही, तर एसएमपीएस, समोरचं बटण किंवा मदरबोर्ड, यांपैकी काहीतरी गेलंय. इथे टेक्निशियन बोलवा. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत करंट राहू शकतो.

टप्पा २ : फॅन फिरतो, पण स्क्रीन काळी

आधी मॉनिटर तपासा. त्यावर 'नो सिग्नल' येतं का? मग मॉनिटर जिवंत आहे, पण त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी. टेबल सरकवल्यावर कुणीतरी ती वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला लावतं आणि दिवसभर स्क्रीन काळी राहते.

केबल ठीक असेल तर पुढचा संशय रॅमवर. आपल्याकडे दुकानात धूळ, पावसाळ्यात दमट हवा. रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो आणि कॉन्टॅक्ट सुटतो. मग असं करा:

- वायर पूर्ण काढा. कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल.
- रॅमच्या टोकाचे क्लिप दाबून पट्टी बाहेर काढा.
- सोनेरी भाग शाळेतल्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. रबराचा चुरा झटका. त्या भागाला बोट लावू नका.
- खाच जुळवून 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा.
- दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. खराब कोणती ते कळेल.

मशीन 'बीप बीप' करत असेल तर ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. बीपचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, पण टेक्निशियनला त्यावरून अंदाज येतो.

टप्पा ३ : लोगो येतो, मग काळ्या स्क्रीनवर इंग्रजी मेसेज

मेसेजचा फोटो काढा. दोन मेसेज नेहमीचे आहेत.

पहिला, तारीख-वेळ चुकल्याचा किंवा 'सीएमओएस'चा, आणि खाली एफ१ दाबायला सांगतात. मदरबोर्डवरचा चपटा गोल सेल उतरलाय. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर २०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. रोज एफ१ दाबून काम ढकलू नका. तारीख चुकली की बिलांवर चुकीची तारीख जाते, आणि बँकेची किंवा जीएसटीची साइट उघडायलाही अडचण येते.

दुसरा, 'नो बूटेबल डिव्हाइस'. आधी पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा. काढा आणि पुन्हा चालू करा. तरी तेच, तर हार्ड डिस्कची केबल सैल असेल किंवा डिस्क खराब होत असेल. डिस्कमधून 'टक टक' आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू-बंद केलं की डेटा वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

टप्पा ४ : विंडोज सुरू होते आणि अडकते

अपडेट चालू असेल आणि डिस्कचा लाईट लुकलुकत असेल तर तासभर थांबा. मध्येच बंद करू नका.

विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा नीट सुरू झाली नाही की दुरुस्तीची निळी स्क्रीन स्वतःच येते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. याने तुमच्या फाइल्स जात नाहीत. बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली तर ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. मोबाईलवरून लॉगिन करून बघा.

'रिसेट धिस पीसी'पासून मात्र सावध. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम निघून जातात. बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असेल तर तोही जाऊ शकतो.

टेक्निशियनशी काय बोलायचं?

"बंद पडलाय" असं सांगू नका. "फॅन फिरतो, बीप येत नाही, मॉनिटरवर नो सिग्नल आहे, केबल तपासली" असं सांगा. समोरच्याला कळतं की तुम्हाला माहिती आहे. आणि या तीन गोष्टी आधीच ठरवा:

- फॉरमॅटआधी माझा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाला पाहिजे. विंडोज सुरू होत नसली तरी डिस्क चांगली असेल तर ती दुसऱ्या मशीनला लावून कॉपी करता येते. बिटलॉकर असेल तर त्याची की लागेल.
- तो डेटा मी स्वतः उघडून बघितल्यावरच पुढचं काम.
- बदललेला जुना पार्ट मला परत हवा.

आज करायचा होमवर्क

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ आणि ३बी साठी २० तारीख असते. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये (निल रिटर्न असेल तर २०), आणि कर बाकी असेल तर व्याज वेगळं. रिटर्न कुठल्याही कॉम्प्युटरवरून भरता येतं, पण आकडे तुमच्याच मशीनमध्ये अडकलेले असतात.

म्हणून आज दुकान बंद करण्याआधी बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह घरी न्या. दर शनिवारी एक कॉपी ऑनलाइन ड्राइव्हवर टाका. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

रॅम काढणं-बसवणं वाचण्यापेक्षा बघून लवकर समजतं, म्हणून ते व्हिडिओमध्ये सावकाश दाखवलंय. हे चार टप्पे एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही दुकानात नसताना मुलाला किंवा कामगारालाही उपयोगी पडतील.

भेटू पुढच्या भागात. धंदा जपा, डेटा जपा!