गाडी कंपनीची, हिशेब घरचा

लीजची गाडी मंजूर झाली म्हणून कुणी भाचा पेढे घेऊन आला, की मी एका हाताने पेढा घेते आणि दुसऱ्या हाताने सॅलरी स्लिप मागते. एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात जन्मभर पगारपत्रकं केली, त्यामुळे परळ-लालबागच्या आमच्या गोतावळ्यात ‘मावशी, जरा बघ ना’ हे माझ्या निवृत्तीनंतरही संपलेलं नाही. रोज एकेकाला तेच सांगण्यापेक्षा सगळ्या भाचरांसाठी एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की कंपनी गाडी देत नाही. एचआरमधली मुलगी ‘कार बेनिफिट’ म्हणते आणि गोड हसते, पण पैसे तुमच्याच सीटीसीतले असतात. गाडी विकत घेते लीजिंग कंपनी, ती भाड्याने देते तुमच्या कंपनीला, आणि तुमची कंपनी ते भाडं तुमच्या पगारातून वळतं करते. करार बहुधा तीन ते पाच वर्षांचा असतो. भाड्यात गाडीची झीज आली, व्याज आलं, बऱ्याचदा विमा आणि सर्व्हिसिंगही आलं, वर जीएसटी. गाडी खरेदीला जो जीएसटी लागतो तोच भाड्याला लागतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर तो १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४०. मुदत संपली की गाडी परत करायची, नाहीतर ठरलेल्या किमतीला घ्यायची. हे सगळं कर्ज काढूनही जमतं. लीजची खरी कमाई एकच, ती म्हणजे भाडं कर लागण्याआधीच पगारातून वजा होतं.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारते, तुला कर किती बसतो? इथेच निम्मे पेढे परत जातात. २०२५-२६ या वर्षी नव्या करपद्धतीत पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर प्राप्तिकर शून्य. शून्यातून वाचवणार काय? एवढ्या पगाराच्या मुलाला ‘टॅक्स वाचतो’ म्हणून लीज गळ्यात मारणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही.

जो तीस टक्क्यांत, म्हणजे करपात्र उत्पन्नाच्या २४ लाखांवर आहे, त्याचा हिशेब वेगळा. महिना २५ हजार भाडं, वर्षाचे तीन लाख. इंजिन १.६ लिटरपर्यंतचं असेल आणि गाडी थोडी कामासाठी, थोडी घरासाठी वापरली जात असेल, तर १९६२ च्या नियमांनी २०२५-२६ मध्ये त्या सोयीची किंमत महिना १,८०० रुपये धरली जायची. इंजिन मोठं असेल तर २,४००, ड्रायव्हर असेल तर वर ९००. म्हणजे तीन लाखांऐवजी कर बसायचा २१,६०० रुपयांवर, आणि वर्षाला सुमारे ८७ हजार वाचायचे. हे थोडेथोडके नाहीत. नवी करपद्धत घेतली तरी ही सवलत जात नाही. पण गाडी कामासाठी अजिबात वापरत नाही असं दिसलं, तर मात्र सगळाच खर्च करपात्र होतो.

मधल्यांची एक गंमत सांगते, ती एचआरलाही पटकन सुचत नाही. समजा पगार १४ लाख. कर बसतो ८१,९०० रुपये. त्यातून वर्षाचं दोन लाख भाडं वळतं झालं आणि गाडीच्या सोयीचे २१,६०० त्यात धरले, तर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या खाली उतरतं आणि कर पुसला जातो. या एका पट्ट्यातल्या भाच्याला मी स्वतः म्हणते, घे बाबा गाडी. फक्त तारीख बघ. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आहे. माझे आकडे त्याआधीच्या वर्षाचे आहेत. चालू वर्षी गाडीच्या सोयीची किंमत महिना किती धरणार, हे पगार विभागाकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेला आकडा मी कधी पगारपत्रकात धरला नाही.

दुसरा प्रश्न असतो, भाडं कुठल्या खान्यातून कापणार? स्पेशल अलाउन्समधून कापलं तर ठीक. बेसिक कमी करून गाडी बसवली असेल तर थांबा. पीएफ बेसिकवर, ग्रॅच्युइटीही बेसिकवर. बेसिक दहा हजारांनी उतरलं तर दहा वर्षांच्या नोकरीला ग्रॅच्युइटीचे ५७ हजार ६९२ रुपये गेले, कारण तो हिशेब शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांचा असतो, भागिले सव्वीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आहेत आणि त्यांत एकूण मोबदल्याचा निम्मा भाग तरी ‘वेतन’ म्हणून धरावा लागतो, त्यामुळे बेसिक फार खाली ढकलता येत नाही. तरी जुनी स्लिप आणि नवी स्लिप शेजारी ठेवून एकेक ओळ वाचा.

लेकी-सुनांना एक वेगळं सांगायचं आहे. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, तोवर भाडं पगारातून जात राहतं. त्यापुढे बाळासाठी बिनपगारी रजा वाढवली की पगार थांबतो, भाडं थांबत नाही. ते मग खिशातून भरायचं, किंवा परत आल्यावर एकदम कापलं जातं. करार करताना पुढच्या तीन-चार वर्षांत घरात पाळणा हलणार असेल तर हा प्रश्न लाजत न बसता विचारा, आणि उत्तर कुठल्या कलमात लिहिलं आहे तेही विचारा.

नोकरी सोडली तर? करारातलं हे सगळ्यात महाग कलम. मुदतीआधी करार मोडला की उरलेल्या भाड्यांचा मोठा हिस्सा, नाहीतर गाडीची त्या दिवशीची ठरवलेली किंमत, पूर्ण आणि अंतिम हिशेबातून कापून घेतात. नवी कंपनी त्याच लीजिंग कंपनीशी जोडलेली असेल तर कधीकधी करार तिकडे नेता येतो. आजची मुलं दोन-दोन वर्षांत नोकऱ्या बदलतात आणि गाडी मात्र पाच वर्षांच्या करारावर घेतात. कपात झाली, म्हणजे कंपनीनेच काढलं, तरी तेच पैसे मागतात का, हेही वाचून घ्या. काही करारांत त्यासाठी विमा असतो, काहींत नसतो.

गाडी लावणार कुठे, हे मी विचारत नव्हते, आता विचारते. लालबाग-गिरगावच्या चाळींत खाली जागा नाही हे सांगायला मावशी कशाला हवी! पण पुनर्विकासातल्या नव्या इमारतींचंही नीट बघा. तिथल्या यांत्रिक पार्किंगच्या खणांना उंचीची आणि वजनाची मर्यादा असते, आणि हौसेने घेतलेली उंच गाडी आत जात नाही. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असं परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये बोलूनही दाखवलं आहे. गणपतीत तर आमच्याकडे गाडी बाहेर काढायचं नावच नको. आणि ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीन आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. ऑफिस बीकेसीत आणि घर गिरगावात असेल तर स्टेशन दारातच आहे.

विमा लीजिंग कंपनी उतरवते म्हणून निर्धास्त राहू नका. दादर-परळचं पाणी तुंबणारं हिंदमाता सगळ्या मुंबईला माहीत आहे. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पालिकेने पाण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या, त्याने फरक पडला, पण पाऊस आणि भरती एकत्र आली की मी अजूनही खिडकीतून बघते. साध्या विम्यात पाणी शिरून बंद पडलेलं इंजिन बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते भाड्यात धरलंय का विचारा. आणि चलन आलं तर ते आधी गाडीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जातं. दंड तुम्हीच भरायचा, वर काही ठिकाणी हाताळणीचे पैसेही. शिवाय साहेबाला कळतं, ते निराळं.

म्हाडाची लॉटरी भरणाऱ्यांनी दोन मिनिटं जास्त द्यावीत. मुंबईत उत्पन्नाच्या मर्यादा नवरा-बायकोच्या मिळून वार्षिक उत्पन्नावर आहेत. अत्यल्प गटाला सहा लाखांपर्यंत, अल्पला नऊ, मध्यमला बारा, त्यावर उच्च. लीजमुळे फॉर्म १६ वरचा आकडा उतरतो, तेव्हा ‘खालच्या गटात बसेन’ असं गणित काहीजण करतात. घर लागलंही, मग बँकेत जायचं. बँक हातात येणारा पगार बघते आणि त्यातून गाडीचं भाडं आधीच गेलेलं असतं. कर्ज तेवढंच कमी होतं. घर आणि गाडी दोन्ही मनात असतील तर आधी घराचं कर्ज मंजूर करून घ्या, गाडी मागाहून.

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तोही हळू आवाजात. ‘मावशी, आरसीवर माझं नाव नाही. म्हणजे आईचे पंधराशे चालू राहतील ना?’

दरमहा हे पंधराशे देणारी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा अर्जातल्या अटी मी शेजारच्या बायकांना वाचून दाखवल्या होत्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको, कुटुंबात कुणी प्राप्तिकर भरणारा नको, आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी कुणाच्या नावावर नोंदलेली नको. पोरं फक्त तिसरी अट वाचतात. लीजच्या गाडीची आरसी बहुधा लीजिंग कंपनीच्या किंवा तुमच्या कंपनीच्या नावाने असते, हे खरं. काही ठिकाणी तिच्यावर कर्मचाऱ्याचंही नाव येतं, तेव्हा आरसी डोळ्यांनी बघा, कारण २०२५ मध्ये सरकारने चारचाकींची पडताळणी परिवहन खात्याच्या नोंदींवरूनच केली. पण बाळा, ज्याला कंपनी लीज देऊ करते त्याचा पगार अडीच लाख नसतो. तू अविवाहित असशील तर आईच्या कुटुंबात तू धरला जातोस, आणि ती अपात्र तुझ्या गाडीने नाही, तुझ्या पगाराने केव्हाच झाली आहे. गाडी कुणाच्या नावावर आहे याने तिथे काही फरक पडत नाही.

लग्न झालेल्याचं वेगळं आहे. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. लग्न झालेल्या मुलाचा पगार आई-वडिलांच्या कुटुंबात येत नाही, मग ते एकाच खोलीत राहत असोत. त्याची बायको मात्र त्याच्याच कुटुंबात, तेव्हा तिचे पंधराशे नाहीत.

गुंता रेशनकार्डात आहे. तिथे कुटुंब म्हणजे कार्डावर नाव असलेले सगळे. केशरी कार्डाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख, आणि घरात टॅक्सी सोडून चारचाकी नको. नाहीतर कार्ड पांढरं. आजोबांना मिळालेलं केशरी कार्ड कित्येक घरांत तसंच कपाटात आहे, आणि लाडक्या बहिणीच्या अर्जाला तेच उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी लावलेलं आहे, कारण पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना दाखल्याची सूट होती. मुलाचं लग्न झालं, पगार वाढला, नाव मात्र आईच्याच कार्डावर. मग पडताळणीला कुणी आलं की पात्र आईलाही उत्तर देता येत नाही. लग्नानंतर शिधावाटप कार्यालयात जाऊन कार्ड विभक्त करून घ्यायचं, आणि आपल्या नव्या कार्डासाठी उत्पन्न खरं सांगायचं. पांढरं कार्ड झालं म्हणून दवाखान्याचं घाबरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आता पांढऱ्या कार्डालाही आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं.

जिथे आई अपात्रच आहे तिथे पैसे बंद करावे लागतील, हे मी तोंडावर सांगते. पण ते तिला न विचारता, तिच्या मागे मोबाइलवर बटण दाबून करू नका. आमच्या वयाच्या कित्येक जणींच्या खात्यात स्वतःच्या नावाने दरमहा आलेले ते पहिलेच पैसे आहेत. तिला घेऊन बसा, अर्ज तिच्याच हातून जाऊ द्या. आणि गाडीचं भाडं ज्या तारखेला कापलं जातं, त्याच तारखेला तिच्या खात्यात दोन हजार रुपये जमा होतील अशी सूचना बँकेत देऊन या.